आपला सहा ठिपकेवाला सापडला

प्रिय पक्या,

तुझे तीन मेसेज, दिवाळीतला फोन, कशालाच उत्तर दिलं नाही मी. रागावला असशील, हक्क आहे तुझा. तब्येत बरी, आईचे गुडघे तसेच.

आज लिहितोय कारण घरात सांगितलं तर 'बरं' म्हणून सगळे परत टीव्हीकडे वळतील. सहा ठिपकेवाला भुंगेरा सापडला! परवा रात्री, पहिला पाऊस पडून गेल्यावर, आमच्या पार्किंगमध्ये. वॉचमनकाका चप्पल उगारून उभे, म्हणे विंचू आहे. मी मधे हात घातला तर पठ्ठ्याने मागचं टोक वर करून मनगटावर चिळकांडी मारली. तीच आग रे, तोच नाकात चढणारा वास. लहानपणी उपवन तळ्यावर तुझ्या डोळ्यात गेलं होतं आणि तू नळाखाली डोकं धरून मला शिव्या घालत होतास, आठवलं? फॉर्मिक ॲसिड असतं ते, लाल मुंग्यांकडे असतं तेच.

शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगटाटा. फॅब्रिशियस नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये नाव दिलं, आणि अडीचशे वर्षांनी ठाण्यात लोक त्याला विंचू म्हणतात. टॉर्च मारून नीट बघितलं. काळा कुळकुळीत, अंगठ्याएवढा, मानेवरच्या ढालीवर दोन पांढरे ठिपके, पाठीवर चार. जबडा पुढे आलेला, पाय लांब, आणि धावतो कसला!

पण खरी गोष्ट पुढे आहे. तो धावत होता ते भिंतीला लागून. कोपऱ्यापर्यंत जायचा, मिशा फिरवायचा, वळायचा, परत दुसरं टोक. मागे येऊरच्या डोंगराचा उतार आहे ना, तिथे इतकी वर्षं तारेचं कुंपण होतं, गेल्या महिन्यात पक्की भिंत घातली, वर गुळगुळीत प्लास्टर. आणि याला उडता येत नाही पक्या. पाठीवरची कवचं जोडलेली, खाली पंखच नाहीत. पाखरू भिंतीवरून जाईल, हा कुठून जाणार? एक दिसला म्हणजे अजून असतील, रात्री शिकारीला निघत असतील आणि भिंतीपाशी येऊन थांबत असतील. परवापासून डोक्यातून हे जातच नाहीये.

कमिटीत बोललो. तळाशी दर दहा फुटांवर विटेएवढं भोक ठेवा, पाणीसुद्धा निघून जाईल. म्हणाले साप येतील. साप काय भोकाची वाट बघत बसलेत का, गेटखालून येतात की! रविवारी परत मीटिंग आहे. तू असतास तर टेबलावर मूठ आपटली असतीस, चौथीत बाईंसमोर आपटलेलीस तशी.

आणि एक राहिलंय. डार्विनने दोन हातात दोन किडे असताना तिसरा दिसला म्हणून एक तोंडात टाकला आणि जीभ भाजून घेतली, ही गोष्ट तू सांगितलीस तेव्हा मी तुला थापाड्या म्हटलं आणि पंधरा दिवस बोललो नाही. खरी आहे रे. त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलीय. तीस वर्षं उशिरा, पण सॉरी. आणि तेव्हा पकडलेला ठिपकेवाला आपण ज्या लोणच्याच्या बरणीत ठेवला होता, तिचं झाकण मी घट्ट लावलं होतं, तू नाही. तुझ्यावर ढकललं कारण तो सकाळी मेलेला बघून मला रडू आलं होतं आणि तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. चिमीचे बारावीचे मार्क कळव, वहिनींना नमस्कार, काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?

त्या रात्री त्याला डब्यात घातलं, झाकण नुसतं टेकवलं, आणि लांबून फिरून भिंतीपलीकडे गेलो, चिखलात चप्पल तुटली. करवंदीच्या जाळीखाली डबा आडवा केला. दोन मिनिटं हललाच नाही, मग एकदम पाचोळ्यात गेला, खसखस ऐकू येत होती थोडा वेळ.

रविवारच्या आत फोन कर. सापांचं काय उत्तर द्यायचं ते तुला सुचेल.

तुझा,
बंड्या