खो-खो आणि आईच्या पोटातला गोळा

महोदय,
यंदा लेकीला खो-खोच्या सरावाला घातलं. वय वर्षे 7. मैदानात 9 जणी उतरतात, ही बहुतेक वेळा बाहेरच. खरं सांगते, परवा तिला उतरवलं नाही तेव्हा मला हायसंच वाटलं. आमच्याकडचं मैदान म्हणजे जांभ्याची लाल खडी, पडली की गुडघा सोललाच! सर ओरडले की पोटात गोळा येतो तो माझ्या. तिचं काय? घरी येऊन ओटीवर उशा मांडते आणि धाकट्याला पाठीत धपका घालून 'खो' देते. सराव बंद करू म्हटलं तर जेवत नाही. निदान 10 वर्षांखालच्या मुलांना तरी हार-जीत न मोजता आळीपाळीने सगळ्यांना खेळवावं, एवढं प्रशिक्षकांनी मनावर घ्यावं.

– एक आई, रत्नागिरी