रोम आणि जर्मन चित्रकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रोमविषयीच्या लेखासोबत योहान टिशबाइन या जर्मन चित्रकाराने रंगवलेले कवी गटेचे प्रसिद्ध चित्र छापले होते. त्याच्या आधारे, जुन्या जर्मन चित्रकारांना रोममध्ये भग्नावशेषांपलीकडे काही दिसलेच नाही, असे मत लेखात मांडले आहे. चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे हे मत मला फार लागले.

१७८७ मधील त्या चित्रात मुद्दाम केलेली मांडणी आहे, हे मान्य. पांढरा झगा आणि रुंद काठाची टोपी घातलेला गटे फुटक्या शिळांवर रेलला आहे आणि मागे, रोमच्या वेशीबाहेरच्या उजाड माळावर, सेसिलिया मेटेला या प्राचीन रोमन स्त्रीची गोल समाधी दिसते. रोमचा रहिवासी त्यात कुठेच नाही. परंतु त्याच वर्षी टिशबाइनने, कोर्सो रस्त्यावरील ज्या घरात ते दोघे राहत होते तिथेच, गटेचे एक लहान चित्र कागदावर काढले आहे. पाठमोरा गटे खिडकीतून ओणवून खालचा रस्ता पाहतो आहे, पायांत घरातल्या सपाता आहेत आणि एक टाच सपातेतून वर आलेली आहे. वर्गात मी दोन्ही चित्रांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवत असे, तेव्हा मुले याच चित्रापाशी रेंगाळत. खाली काय चालले असेल, हे प्रत्येकाला सांगायचे असे.

योहान राइनहार्टचे तर लेखात नावही नाही. १७८९ मध्ये रोमला आलेला हा चित्रकार १८४७ मध्ये तिथेच वारला. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याच्यासाठी त्याने, टेकडीवरील व्हिला माल्टा या वास्तूतून चारही दिशांना दिसणारे रोम १८२९ ते १८३५ या काळात, म्हणजे ऐन सत्तरीत, चार मोठ्या चित्रांत उतरवले. त्यांत छपरे आहेत, बागा आहेत, दूरवर सेंट पीटरचा घुमट आहे. हे नांदते शहर आहे, आणि इतकी वर्षे तिथे काढलेल्या माणसालाच ते असे दिसू शकते.

रोममध्येच राहिलेला आणखी एक जर्मन चित्रकार ओव्हरबेक आणि त्याच्या साथीदारांचा ओढा धार्मिक चित्रांकडे होता, त्यामुळे त्यांना या चर्चेत आणणे योग्य नाही. मात्र टिशबाइनचे ते खिडकीचे चित्र पुढील एखाद्या पुरवणीत ठळकपणे छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा