काकूंच्या खोलीतला उजेड

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. बेसमेंटचा प्लॅन मिळाला. काकूंसाठी खाली खोली करतो आहेस, फार बरं वाटलं. पण प्लॅन नीट पाहिल्यावर राहवेना. हे फोनवर बोलून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

कॉन्ट्रॅक्टरने दक्षिणेच्या भिंतीत एक खिडकी दिली आहे आणि बाकी सगळी भिस्त छतातल्या दिव्यांवर. खिडकी नियमात बसते: उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट, चौकटीचा तळ फरशीपासून ४४ इंचांच्या आत. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून झोपायच्या खोलीला ती लागतेच. पण हा नियम जीव वाचवण्यासाठी आहे, खोली उजळण्यासाठी नाही. उजेडाचं गणित वेगळं आहे. खिडकी केवढी, यापेक्षा खोलीत बसून तिच्यातून आकाश किती दिसतं हे बघ.

खिडकी जमिनीच्या पातळीखाली येते, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने तिच्यासमोर पत्र्याच्या भिंतीचा, घरापासून ३ फूट पुढे जाणारा खड्डा दाखवलाय, तेवढा किमान लागतोच. आता हिशेब कर. डिसेंबरात तुमच्याकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो. खड्ड्याची कड ३ फुटांवर असेल तर ऊन जमिनीच्या पातळीखाली काचेवर साधारण १७ इंच उतरतं, त्याखाली सावली. खड्डा ६ फूट केलास तर तेच ऊन ३३ इंचांपर्यंत पोचतं. ज्या दिवसांत उजेडाची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत हा फरक पडतो! जूनमध्ये सूर्य ७२ अंशांवर, तेव्हा ऊन खड्ड्याच्या तळाशी पडतं. तिथे पांढरी खडी टाक आणि खोलीचं छत पांढरं, बिनचमकीचं ठेव, म्हणजे तो उजेड छतावरून आतपर्यंत येईल.

पत्र्याऐवजी दोन टप्प्यांचा दगडी बांध घाल. समोरची भिंत मागे सरकते, आकाश मोकळं होतं आणि प्रसंगी काकूंना बाहेर पडायलाही सोपं जातं. वरच्या टप्प्यावर उन्हाळ्यात त्यांची तुळस राहील. खर्च वाढेल हे मला कळतं. तो फरशीतून आणि त्या महागड्या दिव्यांतून कमी कर, खिडकीतून नको.

आपल्या वाड्यातल्या माजघरात काकूंनी किती वर्षं काढली ते तू पाहिलंयस. चौकाकडच्या दारातून येईल तेवढ्या उजेडात त्या धान्य निवडायच्या. पण चौक वरून पूर्ण उघडा होता, म्हणून भर पावसाळ्यातही आकाश दिसायचं. इथे त्यांना त्याहून कमी मिळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

भिंत कापण्याबद्दल: सध्याची खिडकी रुंद न करता खाली वाढवली तर वरचा भार आहे तसाच राहतो. रुंद करायची तर वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई लागेल, आणि ते इंजिनिअरने ठरवू दे. खड्ड्याच्या तळाला खडीखालून पाइप काढून तो घराच्या पायाभोवतीच्या ड्रेनला जोडायलाच हवा, नाहीतर मार्चमध्ये बर्फ वितळला की पाणी थेट खोलीत येईल. खोदण्याआधी ८११ ला फोन कर, गॅसची लाइन कुठून गेलीय ते खूण करून देतात. आणि भिंती झाकण्याआधी रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी करून घे. लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर आधी त्याचा बंदोबस्त, मग बाकीचं काम.

अजून एक. प्लॅनमध्ये बाथरूम खिडकीच्या बाजूला आहे. ती घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीशेजारी, अंधाऱ्या कोपऱ्यात ने. जिन्याची बंद भिंत काढून तिथे नुसता कठडा ठेव, वरच्या दाराला काच बसव, म्हणजे स्वयंपाकघरातला उजेड आणि घरातले आवाज दोन्ही खाली जातील. काकूंना त्या आवाजांचीही सोबत लागेल.

पोथी वाचायला त्या कुठे बसणार ते आधी त्यांनाच विचार. मग तिथे खुर्ची टाकून खिडकीच्या दिशेने एक फोटो काढ आणि मला पाठव. तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टरला होकार देऊ नकोस. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अण्णा