हृदयाची कड घासून देणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले. काल लेक अंगणात कोंबडीमागं धावली आणि धापा न टाकता परत आली. तिची आई दारात उभी राहून नुसती तिचे ओठ बघत होती, निळे पडतात की काय म्हणून. पडले नाहीत. रात्रीच लिहायला बसलो.

तुम्हाला माहीत आहे, मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. बावीस वर्षं पंपाचे, व्हॉल्व्हचे साचे केले. पोकळ वस्तू कशी घडते हे मला शिकवावं लागत नाही. तरी ज्या मोठ्या इस्पितळात आम्ही आधी वर्षभर हेलपाटे घातले, तिथं पोरीच्या हृदयात नेमकं काय बिघडलंय हे एकानंही समजावलं नाही. एका साहेबांनी चिठ्ठीच्या पाठीवर वाकडा आंबा काढला, त्यात एक भोक काढलं, आणि "तुम्हाला नाही समजायचं, सही करा" म्हणून पुढचा नंबर पुकारला. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. सही केली नाही, तेवढीच काय ती अक्कल सुचली.

पुढं दुसरे सर्जन भेटले. त्यांनी सरळ सांगितलं की दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या उजव्याच कप्प्यातून निघाल्यात, डावीकडून निघायची ती महाधमनीसुद्धा. दोन कप्प्यांच्या मधल्या भोकापासून महाधमनीपर्यंत आतून बोगदा काढता येईल का, हे हृदय हातात धरून बघता आलं तर बरं. एका कंपनीनं तसल्या मॉडेलचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी फोन ठेवला.

आणि मग तुम्ही. कॉलेज सुटल्यावर पडद्यावर त्या स्कॅनच्या चकत्या उघडून बसलात. मिलिमीटरपेक्षाही पातळ, काकडी चिरल्यासारख्या. प्रत्येक चकतीत रक्ताची जागा रंगवत गेलात. मी मागं उभा होतो. अहो, हा तर कोअर काढतोय, साच्यातला पोकळीचा गाभा! पोकळी आधी, भिंत मागनं. आमच्याकडं वाळूत करतात तेच. सॉफ्टवेअर थ्रीडी स्लायसर, तेही फुकट मिळणारं. मग थ्रीडी प्रिंटरवर ते हृदय छापलंत. त्याचा दोरा मक्यापासनं केलेल्या प्लॅस्टिकचा, किलोभराचं रीळ हजारभर रुपयांत, आणि माझ्या लेकीच्या हृदयाला त्यातला शंभर ग्रॅमही लागला नाही. दोन भागांत उघडणारं ते हृदय तळहातावर घेतलं आणि वर्षभरात पहिल्यांदा मला समजलं. ज्या कप्प्यातनं पाइप निघायचा, तिथनं निघालाच नव्हता. एवढंच. ह्यात न समजण्यासारखं काय होतं हो?

सर्जननी ते बघून बोगद्याची वाट ठरवली. त्यांचे आभार वेगळे मानलेत. पण सर, माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही तो त्यानंतरचा रविवार.

तुम्ही न सांगता खानापूरला आमच्या घरी आलात. पिशवीत दुसरं हृदय, लाल रंगाचं. आम्हाला वाटलं, देऊन जाल. तुम्ही कट्ट्यावर बसलात, खिशातनं बारीक पॉलिश पेपर काढलात आणि आतली कड घासायला लागलात. अर्धा तास. मधेमधे त्या भोकातून स्वतःची करंगळी फिरवून बघायचात. चहा गार झाला. तुमच्या त्या कन्नडाळलेल्या मराठीत म्हणालात, "डॉक्टरला चालतंय हो तसंच, पण पाप्पाचं बोट कापायला नको." पाप्पा म्हणजे आमची पोरगी. मग तिनं त्यातनं बोट घातलं आणि विचारलं, "इथनं रक्त चुकतंय होय?" ऑपरेशनला जाईपर्यंत ते हृदय तिच्या उशाला होतं. भीती गेली असं म्हणत नाही, पण दोष कुठं आहे ते तिला ठाऊक होतं, आणि तिच्या बापालाही.

शिकलेली माणसं बरीच बघितली. समोरच्याला समजेल एवढं थांबणारी थोडी. पैसे काढले तर तुम्ही हात जोडलेत, कुंद्याचा डबा घेतलात आणि त्यातलाही अर्धा पोरीला देऊन गेलात.

तर सर, तुम्हाला न विचारता एक केलंय. ते लाल हृदय पॅटर्न म्हणून वापरून शॉपमध्ये ॲल्युमिनियममध्ये ओतलं. तीनदा फसलं, वाळूतनं सुटायलाच तयार नव्हतं. चौथ्यांदा आलं. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, अजून हाताला लागते. ती घासून झाली की घेऊन येतो.