विश्रामबागच्या त्या पोरांचे आभार

रविवारी रात्री सांगलीत विश्रामबागला इराणी कबाब खायला गेलो होतो. गर्दीमुळं ताट यायला उशीर झाला. वडिलांनी इन्सुलिन घरूनच घेतलेलं. जेवण लांबल्यानं त्यांची साखर उतरली, दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. मी पुरती घाबरले. वाढणाऱ्या पोरानं तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आणली, "काका, सावकाश घ्या" म्हणत ग्लास स्वतः धरून ठेवला. आतल्या चाचांनी सळईवरचा कुबिदे, म्हणजे खिम्याचा कबाब, आधी आमच्याकडं धाडला, सोबत केशरी भात, भाजलेला टोमॅटो. वडिलांना दात नाहीत हे बघून त्या पोरानंच कबाब चमच्यानं बारीक करून दिला. थोड्या वेळानं वडील म्हणाले, "ती आंबट लाल पूड जरा टाक की रे." सुमाक मागितलं त्यांनी, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. नावं विचारायची राहिलीच. पोरांनो, चाचा, मनापासून आभार.