परतावा कुणाचा?

आयात मालावर जादा भरलेल्या सीमाशुल्काचा परतावा सरसकट आयातदारालाच मिळावा, असा सूर लावणारा आपला लेख वाचला. तो पटला नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २७ नुसार शुल्क भरणारा परतावा मागू शकतो, तसाच त्याचा भार सोसणाराही. आयातदाराने शुल्क मालाच्या किमतीत धरून गिऱ्हाइकाकडून वसूल केले असेल, तर तीच रक्कम सरकारकडूनही घेणे ही दुहेरी कमाई झाली. मफतलाल इंडस्ट्रीज कंपनीच्या करपरताव्याच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व उचलून धरले. अशी रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा होते. अडचण आहे ती खरेदीदाराची. शुल्क आपल्या माथी बसले, हे सिद्ध करणारे कागद त्याच्याकडे क्वचितच असतात आणि परतावा मागण्याची मुदत जेमतेम वर्षाची. लेखात त्याचा उल्लेखही नाही!

– एक वाचक, डोंबिवली