नंबर ओरडू नका, दाखवा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका सरकारी ऑफिसच्या नव्या रॅम्पचा फोटो होता, फीत कापतानाचा. रॅम्प झाला ते बरंच झालं, माझ्या थोरल्या जावेला गुडघ्यांमुळं पायऱ्या चढवत नाहीत. पण आपल्याकडं अपंगांची सोय म्हटलं की रॅम्प, रेलिंग, व्हीलचेअर, संपलं. माझ्यासारख्या कानानं कमी असलेल्या माणसानं त्या रॅम्पवरून आत जाऊन पुढं करायचं काय हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण आमचं काही बाहेरून दिसत नाही ना.

मी 54 वर्षांची, घरी शिवणकाम करते, दोन्ही कानांना मशीन आहे. परवा एका मोठ्या दवाखान्यात गेले, चिठ्ठीवर नंबर 67. तिथल्या मावशी दारातून अर्धं डोकं बाहेर काढतात, आत डॉक्टरांकडं बघत नंबर पुकारतात, वर तोंडाला मास्क. आता सदुसष्ट आणि अडुसष्ट हे दोन शब्द आरशासमोर म्हणून बघा, ओठ सारखेच हलतात, प ब म सारखं ओठ मिटणारं अक्षरच नाही त्यात. आणि माझ्या कानाला स, ट असले बारीक आवाज आधी गळतात, म्हणजे सात, साठ, आठ सगळं एकच. दोन तास बसले. शेवटी उठून विचारलं तर, अहो काकू किती हाका मारल्या, कुठं गेला होता? समोरच तर बसले होते! नंबर गेला, मग सगळ्यात शेवटी घेतलं.

लोकांना वाटतं मशीन लावलं की चष्म्यासारखं सगळं ठीक. तसं नसतं हो. मशीन आवाज मोठा करतं, स्पष्ट करतंच असं नाही, आणि फक्त माणसाचा आवाज मोठा करत नाही, पंखा, खुर्च्या सरकवणं, रडणारं पोर, माझं शिलाई मशीन, सगळंच. त्यात समोरचा ओरडायला लागला की आवाज आणखी फाटतो आणि ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं म्हणून ओठांवरून कळायचं तेही कळत नाही. समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला, नाहीतर कागदावर लिहा, एवढंच लागतं.

माझा भाचा वकील आहे, त्यानं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवला. त्यात माणसाच्या बोलण्याचे आवाज ज्या पट्टीत येतात त्या पट्टीत दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऐकू कमी येणारे वेगळे धरलेत आणि त्यापुढचे कर्णबधिर, म्हणजे आम्ही कायद्यात आहोत, काउंटरवर नाही. नियम जून 2017 ला आले, जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येतील अशा, करायला कायद्यात 5 वर्षं दिली होती, ती 2022 लाच संपली. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी यांच्या केसमध्ये सांगितलं की कायदा सक्ती करतो आणि नियम नुसत्या शिफारशी करतात हे चालणार नाही, 3 महिन्यांत सक्तीचे नियम ठरवा. एवढं सगळं वरती झालंय, आणि खाली आमच्या मावशी दारातून डोकं काढून ओरडतायत.

खर्चाचं म्हणाल तर मिठाईच्या दुकानातसुद्धा लाल आकड्यांची पाटी असते हो, नंबर टिंग करून बदलतो, ती दवाखान्यात लावायला काय अडचण आहे? आणखी एक गोष्ट मला स्वतःला मशीन घेऊन 6 वर्षं झाल्यावर कळली. बऱ्याच मशीनमध्ये तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी असते, टेलिकॉइल म्हणतात. काउंटरभोवती वायर फिरवून ती अँप्लिफायरमधून माइकला जोडली, म्हणजे लूप केला, की काचेपलीकडच्या माणसाचा आवाज सरळ आमच्या मशीनमध्ये येतो, मधला गोंगाट गायब. कानाचं चित्र आणि टी अक्षर असलेली पाटी असते त्याची. पण माझ्या मशीनमध्ये ते सेटिंग बंदच ठेवलं होतं, विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही कारण माहीतच नव्हतं. मशीन वापरणाऱ्या सगळ्यांनी पुढच्या खेपेला एवढं विचारून घ्या.

मोबाइलवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब आहे, समोरचा मराठी बोलला की अक्षरं उमटतात, मी वापरते. परवा सोनोग्राफीचं त्यानं सोनू गाव फी केलं, दिवसभर हसत होते. पण दवाखान्याच्या तळघरात रेंज नाही, तिथं परत कागद आणि पेनच.

आणि हो, कमी ऐकू येणं म्हणजे खुणांची भाषा येते असंही नाही. मला नाही येत, मला मराठी वाचायला द्या. पण जन्मापासून कर्णबधिर असलेल्या बऱ्याच जणांची पहिली भाषाच ती, त्यांच्या हातात मराठी फॉर्म टेकवून भागत नाही, तिथं दुभाषी पाहिजे. 2021 मध्ये दिल्लीच्या सरकारी संस्थेनं 10,000 शब्दांचा भारतीय सांकेतिक भाषेचा कोश काढला, पण कोश काउंटरवर बसून बोलत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो फोनचा. पॉलिसीचं व्हेरिफिकेशन, गॅसची तक्रार, सगळीकडं फक्त फोन नंबर, आणि फोनवर रेकॉर्ड केलेली बाई, यासाठी 1 दाबा, त्यासाठी 2 दाबा. मला तिचं ऐकूच येत नाही तर दाबू काय? मुलाला शेजारी बसवलं तर पलीकडचा म्हणतो, नाही, मॅडमलाच बोलायला सांगा. मॅडम बोलते हो, खणखणीत बोलते, ऐकू येत नाही एवढंच. ईमेल, मेसेज काहीतरी ठेवा की.

तुमच्याकडंही एक तक्रार आहे, रागावू नका. तुमच्या पेपरात शिबिरं, कार्यक्रम, दवाखान्यांच्या बातम्यांखाली संपर्काला नुसता फोन नंबर छापता. गेल्या महिन्यात कानाच्या मोफत तपासणी शिबिराची बातमी होती, नावनोंदणी फक्त फोनवर! कानाच्या शिबिराची! मेसेज करता येईल असा नंबर मागून घेऊन छापत जा.

पत्र छापायच्या आधी खात्री करायला तुमच्या ऑफिसातून फोन करतात असं ऐकलंय. मला कृपया मेसेज करा, लगेच उत्तर देते.

आपली नेहमीची वाचक,
सातारा